भिजलेले यंत्र खोटे बोलते

भादव्याचे दिवस. आभाळ भरून आलेले. नंदुरबारला गणपतीची मिरवणूक. रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नाही.

समजा, आपल्या कोरीटचा एक पोरगा होमगार्डात आहे. त्याला या गर्दीत बंदोबस्ताचे काम मिळाले आहे. बांबूचे कठडे लावून एक वाट केली आहे. त्या वाटेने येणाऱ्या प्रत्येक माणसाला तपासून आत सोडायचे, हे त्याचे काम. त्याच्या हातात एक यंत्र आहे. हातभर लांब, काळे, एका टोकाला चपटे. यंत्र माणसाच्या अंगाजवळून फिरवायचे. खिशात लोखंड, पितळ, तांबे काही असले की ते वाजते. याला म्हणतात मेटल डिटेक्टर. म्हणजे धातू शोधणारे यंत्र.

दुपारी पाऊस आला. चांगला तासभर कोसळला. पोराने डोक्यावर टोपी घातली, अंगात रेनकोट घातला. यंत्राला मात्र काहीच घातले नाही. पाऊस थांबल्यावर त्याने यंत्र पँटीला पुसले. रात्री रेक्झिनच्या पिशवीत घातले, चेन लावली आणि जमा करून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच यंत्र हातात आले. बटण दाबले, दिवा लागला. पोराला वाटले, यंत्र ठीक आहे. पहिलाच माणूस आला. त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता. पोराने यंत्र खिशावरून फिरवले. यंत्र गप्प.

पोरगा दचकला. त्याने यंत्र स्वतःच्या पट्ट्याच्या बकलाजवळ नेले. एकदा वाजले. पुन्हा नेले. वाजले नाही. तिसऱ्यांदा जवळ काही नसतानाच वाजले.

मागे रांग खोळंबली. लोक म्हणू लागले, "अहो दादा, सोडा की लवकर!" पोराच्या मनात आले, साहेबांना सांगावे तर साहेब रागावतील. काल भिजवले कोणी, असे विचारतील. न सांगावे तर?

आज किल्ल्या सुटल्या. उद्या सुरा सुटला तर?

पोराला इथेच थोडे उभे राहू द्या. त्याने काय केले, ते शेवटी सांगतो. आधी आपण हे यंत्र समजून घेऊ. ते चालते कसे? त्याला पाणी का सोसत नाही? भिजले तर काय करावे?

यंत्राला धातू कळतो कसा?

विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की आपण ती वाइंडिंगला नेतो. तिथे तुम्ही तांब्याच्या तारेचे वेटोळे पाहिले असेल. मेटल डिटेक्टरच्या चपट्या टोकातही असेच एक वेटोळे असते.

या वेटोळ्यातून वीज जाते. ती एका दिशेने सरळ वाहत नाही, तर सारखी उलटसुलट होत राहते. अशी वीज वाहिली की वेटोळ्याभोवती चुंबकासारखी शक्ती तयार होते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्याजवळ धातूची वस्तू आली, की त्या वस्तूत बारीकशी वीज उमटते. ही नवी वीज वेटोळ्याच्या शक्तीला किंचित अडथळा करते. यंत्राला तेवढा फरक कळतो आणि ते वाजते.

साधा लोहचुंबक फक्त लोखंडासारख्या काही धातूंना ओढतो. पितळेला किंवा तांब्याला ओढत नाही. मेटल डिटेक्टरला मात्र पितळही कळते, तांबेही कळते. कारण वीज या सर्वांमधून वाहते.

आता लक्षात घ्या. हा फरक फारच बारीक असतो. कुजबुज ऐकावी तसे हे यंत्र ऐकत असते. भोवती गोंगाट झाला तर कुजबुज ऐकू येईल का? यंत्रात शिरलेले पाणी असाच गोंगाट करते.

एक जुनी हकिकत

ही हकिकत अमेरिकेची आहे. १८८१ सालच्या जुलै महिन्यात तिथले राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर एकाने गोळ्या झाडल्या. एक गोळी अंगात राहिली. ती नेमकी कुठे आहे, ते डॉक्टरांना कळेना. त्या काळी शरीराच्या आतले दाखवणारा क्षकिरणांचा फोटो नव्हता.

तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. टेलिफोनचा शोध लावणारे ते हेच. त्यांनी धातू शोधणारे यंत्र तयार केले. अंगात जुन्या गोळ्या राहिलेल्या शिपायांवर ते वापरून पाहिले. यंत्राने गोळ्या दाखवल्या.

मग बेल यंत्र घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या पलंगापाशी गेले. पण तिथे यंत्राचा आवाज नीट लागेना. पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या, हे पुढे कळले. शिवाय डॉक्टरांना वाटत होते की गोळी उजव्या बाजूला आहे. म्हणून शोध त्याच बाजूला झाला. गोळी निघाली डाव्या बाजूला. पण ते कळले सप्टेंबरमध्ये, गारफील्ड वारल्यानंतर.

तिथे पावसाचा काही दोष नव्हता. पण या हकिकतीतून एक गोष्ट शिकावी. यंत्र वाजले म्हणजे ते खरेच बोलले, असे नाही. यंत्र गप्प राहिले म्हणजे तिथे काही नाही, असेही नाही. यंत्र आज, आत्ता, या जागी खरे बोलते आहे का, हे आधी तपासावे लागते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्यासाठी अशी यंत्रे वापरली गेली. पोलंडच्या कोसात्स्की नावाच्या अधिकाऱ्याने बनवलेले यंत्र १९४२ साली इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत शिपायांच्या हातात होते. सुरुंगाच्या वाटेवर यंत्र चुकले, तर चूक दुरुस्त करायला माणूस उरत नाही. म्हणून यंत्राची निगा म्हणजे माणसाच्या जिवाची निगा.

पाणी काय करते?

पावसाचे थेंब तसे स्वच्छ असतात. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण थेंब यंत्रावर पडला, की त्यात धूळ मिसळते. हाताचा घाम मिसळतो. घामात मीठ असते. असे पाणी वीज वाहून नेते. मग यंत्रातली वीज आपली वाट सोडते आणि पाण्याच्या आडवाटेने पळते. पाटाचे पाणी उंदराच्या बिळातून भलत्याच वाफ्यात जाते ना, तसेच हे.

हा झाला लगेच दिसणारा बिघाड. दुसरा बिघाड हळूहळू होतो. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली आणि त्यात ताक ठेवले, तर ताक कळकते. भांड्याला हिरवा थर येतो. यंत्रातही तांब्याच्या तारा असतात, धातूच्या पट्ट्या असतात, बारीक बारीक जोड असतात. ओल राहिली की त्यांच्यावर हिरवा किंवा पांढरा थर चढतो. लोखंडी स्प्रिंग असेल तर ती गंजते. मग सेलची वीज पुरी पोहोचत नाही. दिवा लागतो, पण यंत्राचा जोर कमी होतो. काल चार बोटांवरून कळणारी वस्तू आज अंगाला लावली तरी कळत नाही.

हेच सगळ्यांत वाईट आहे. यंत्र सरळ बंद पडले तर आपण ते बाजूला ठेवतो. पण अर्धे बिघडलेले यंत्र चालू दिसते. आपण त्याच्यावर भरवसा ठेवतो आणि ते आपल्याला फसवते.

न भिजताही ओल येते

पावसात नेले नाही, तरी यंत्राला ओल लागू शकते. ती कशी?

उन्हाळ्यात माठातले गार पाणी पितळी तांब्यात भरा. थोड्या वेळाने तांब्याला बाहेरून घाम येतो. हे पाणी आतून झिरपलेले नसते. हवेतच पाण्याची वाफ असते. गार भांड्याला लागून तिचे थेंब होतात.

यंत्राचेही तसेच. गार केलेल्या खोलीतून किंवा गाडीतून ते एकदम बाहेरच्या दमट हवेत आणले, तर त्यालाही घाम येतो. कधी आतल्या बाजूलाही येतो. म्हणून गार जागेतून आणलेले यंत्र थोडा वेळ पिशवीतच राहू द्यावे. बाहेरच्या हवेइतके कोमट झाले की मग उघडावे.

पावसाळ्यात डब्याचे झाकण सैल राहिले तर पापड सादळतात. काडेपेटी सादळली तर काडी ओढता ओढता गूल झडून जातो. ह्यांच्यावर कोणी पाणी ओतलेले नसते. हवेतली ओल पुरते. यंत्रही असेच सादळते.

मिरचीवरून शिका

नंदुरबारच्या माणसाला ओल म्हणजे काय, हे शिकवायला नको. नंदुरबारचा मिरचीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. पथारीवर लाल मिरची पसरलेली असते. मध्येच अवकाळी पाऊस येतो. मग व्यापाऱ्याची आणि मजुराची एकच धावपळ होते.

ओली मिरची कोणी पोत्यात भरून तोंड शिवतो का? नाही. शिवले तर काय होईल? आत बुरशी धरेल. मिरची काळी पडेल. पोते बाहेरून चांगले दिसेल आणि आत माल सडलेला असेल.

आपल्या होमगार्डने नेमके हेच केले. ओले यंत्र रेक्झिनच्या पिशवीत कोंबले आणि चेन लावली. पुसले ते फक्त वरून. आतली ओल आतच कोंडली. ज्या पिशवीने यंत्र वाचायचे, त्याच पिशवीने ते बिघडले.

म्हणून पहिला धडा हा. झाकण आणि पिशवी कोरड्या वस्तूला राखतात. ओल्या वस्तूला त्या सडवतात.

पावसात यंत्र कसे वापरावे?

तपासणीचे ठिकाण शक्यतो छपराखाली घ्यावे. साधी ताडपत्री बांधली तरी चालते. तिला उतार द्यावा, म्हणजे पाणी साचणार नाही.

छप्पर नसेल तर हातातल्या यंत्रावर पातळ प्लास्टिकची कोरडी पिशवी चढवावी. तोंड खालच्या बाजूला ठेवून दोरीने बांधावे. प्लास्टिक धातू नाही. त्यामुळे यंत्राला ते आड येत नाही. मात्र आतून चांदीसारखी चकाकणारी पिशवी घेऊ नये. त्या चकाकीत धातूचा थर असतो. पिशवी चढवल्यावर एकदा नाणे दाखवून पाहावे. यंत्र वाजले की कामाला लागावे. आणि काम संपल्यावर पिशवी काढायला विसरू नये.

काही मेटल डिटेक्टर लांब दांड्याचे असतात. जमिनीतले शोधायला ते वापरतात. त्यांच्या खालच्या टोकाला चकती असते आणि वर मुठीजवळ पेटी. पुष्कळ यंत्रांत चकती पाण्यात बुडवलेली चालते, पण पेटी भिजलेली चालत नाही. चकती भिजूनही चालली, म्हणून पेटीवर पाणी पडू देऊ नये.

यंत्राच्या माहितीपत्रकात कधी कधी आयपी ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा. दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर चहूकडून उडालेले शिंतोडे चालतात. तो ७ असेल तर एक मीटरपर्यंत खोल पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. पण हे नव्या यंत्राचे झाले. पडून तडा गेलेल्या किंवा झाकणाचे रबर झिजलेल्या यंत्राला हा आकडा लागू नाही. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. हे आकडे वाचून पाहा.

मोठ्या देवळांत आणि कचेऱ्यांत दाराच्या चौकटीएवढे मेटल डिटेक्टर उभे असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना घरातल्यासारखी वीज जोडलेली असते. अशी चौकट भिजली किंवा तिच्या पायाशी पाणी साचले, तर तिला हात लावू नये. विजेचा धक्का बसू शकतो. लोकांना दूर करावे आणि वायरमनला बोलवावे.

भिजलेच तर काय करावे?

सेलवर चालणारे यंत्र भिजले, तर आधी बटण बंद करावे. चालते का ते पाहू, म्हणून पुन्हा पुन्हा सुरू करू नये. आत पाणी असताना वीज खेळली, की बिघाड वाढतो.

मग सेल काढावेत. कोरड्या सुती फडक्याने यंत्र टिपून घ्यावे. सेलच्या खणाचे झाकण उघडे ठेवावे. उघडे तोंड खाली करून ते सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. पंखा असेल तर पंख्याखाली ठेवावे. निदान एक दिवस, एक रात्र तसेच राहू द्यावे. जास्त भिजले असेल तर आणखी वेळ द्यावा.

चुलीजवळ ठेवू नये. कडक उन्हात टाकू नये. उष्णतेने प्लास्टिक वाकते, जोड सुटतात. मिरचीला ऊन लागते, यंत्राला वारा लागतो. हा फरक विसरू नये.

पुष्कळ लोक भिजलेला मोबाईल तांदळात पुरून ठेवतात. तांदूळ पाणी ओढून घेतो, असे त्यांना वाटते. पण उघड्या वाऱ्यापेक्षा तांदूळ काही जास्त काम करत नाही. उलट तांदळाचे पीठ आणि कणी आत शिरते. अ‍ॅपल या फोन बनवणाऱ्या कंपनीनेही भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, असेच सांगितले आहे. तांदूळ भातासाठी ठेवा.

नव्या बुटांच्या खोक्यात खड्यांची एक छोटी पुडी मिळते. त्या खड्यांना सिलिका जेल म्हणतात. ते हवेतली ओल शोषून घेतात. यंत्र पूर्ण वाळले, की घट्ट झाकणाच्या डब्यात अशा दोनचार पुड्या टाकून ठेवावे. पुडी जुनी झाली की काम देत नाही. ती बदलावी. ही पुडी खायची नसते. पोरांच्या हाती लागू देऊ नये.

यंत्र बरेच दिवस वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवावेत. सेल आत राहिले तर फुटून पाझरतात. तो पाझर अंगाला व डोळ्यांना वाईट. हाताला लागला तर लगेच भरपूर पाण्याने हात धुवावा.

आणि एक. यंत्र सरकारी असेल, संस्थेचे असेल, तर स्वतः खोलत बसू नये. वाळवावे, वरिष्ठांना कळवावे, जाणकाराला दाखवावे.

रोजची परीक्षा

यंत्र भिजो वा न भिजो, काम सुरू करण्यापूर्वी रोज त्याची परीक्षा घ्यावी. एक नाणे ठरवून ठेवावे. रोज तेच नाणे, तेवढ्याच अंतरावरून दाखवावे. वाजले पाहिजे. मग यंत्र मोकळ्या हवेत धरावे. गप्प राहिले पाहिजे. दोन्ही जमले तर यंत्र खरे. एक जरी चुकले, तर ते यंत्र त्या दिवशी वापरू नये. एवढ्याला अर्धे मिनिट पुरते.

घरच्या वस्तूंनाही हेच

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठे आहे मेटल डिटेक्टर?

बरोबर. पण घरात सेलची बॅटरी असेल. मोबाईल असेल. पाठीवरचा चार्जिंगचा फवारणी पंप असेल. या सर्वांना ओलीचे तेच दुखणे होते आणि औषधही तेच. भिजले की बंद करा, पुसा, सावलीत वाळवा, मग सुरू करा. ओला फोन चार्जिंगला लावू नका.

रात्री पाणी भरायला शेतात जाताना बॅटरी घरीच एकदा लावून पाहा. बांधावर साप आडवा आला आणि बॅटरी लागलीच नाही, तर काय कराल?

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत पाणी गेले असेल, तर मात्र स्वतः काही करू नका. ओल्या हाताने, अनवाणी तिच्याजवळ जाऊ नका. तिथे सेलची वीज नसते, जीव घेणारी वीज असते. वायरमनलाच बोलवा.

पोराने काय केले?

आता आपल्या होमगार्डकडे परत येऊ. तो रांगेसमोर उभा आहे. हातात खोटे बोलणारे यंत्र आहे. पोटात भीती आहे.

त्याने हात वर करून रांग थांबवली. शेजारच्या शिपायाला वाटेवर उभे केले. साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, काल यंत्र पावसात भिजलं. मी तसंच पिशवीत ठेवलं. आज ते कधी वाजतं, कधी वाजत नाही."

साहेबांनी यंत्र हातात घेतले. म्हणाले, "काल रात्रीच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली, साहेब."

"पुढच्या वेळी लगेच सांग. यंत्र भिजलं तर ते वाळवता येतं. तू गप्प बसला असतास, तर मला वाटलं असतं की वाट राखलेली आहे. आणि वाट तर उघडी."

साहेबांनी दुसरे यंत्र दिले. पोराने आधी खिशातले नाणे काढून त्याची परीक्षा घेतली. ते वाजले. मग रांग पुढे सरकली.

भिजलेल्या यंत्राचे सेल काढून ते बाजूला ठेवले. साहेब म्हणाले, "याला चिठ्ठी बांध. नाहीतर दुसरा कोणी उचलून नेईल."

पोराने कागद घेतला. ठळक अक्षरांत लिहिले: 'भिजले आहे. वापरू नये.' खाली तारीख घातली, सही केली. दोऱ्याने चिठ्ठी यंत्राला बांधली.

चार शब्दांची चिठ्ठी. पण ती लिहिता आली आणि दुसऱ्याला वाचता आली, म्हणून ते यंत्र पुन्हा कुणाला फसवू शकले नाही. अक्षर शिकल्याचा उपयोग असाही होतो.

लक्षात ठेवा

१. पावसात यंत्र झाकावे. काम झाल्यावर ते झाकण काढावे.
२. ओले यंत्र पिशवीत किंवा डब्यात कोंडू नये.
३. भिजले की बंद करावे, सेल काढावेत, सावलीत वाऱ्यावर वाळवावे.
४. चूल, कडक ऊन आणि तांदूळ यांपासून यंत्र दूर ठेवावे.
५. घरातल्यासारख्या विजेवर चालणाऱ्या भिजलेल्या यंत्राला हात लावू नये.
६. रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्राची परीक्षा घ्यावी.
७. यंत्र भिजले तर लपवू नये. सांगावे आणि चिठ्ठी बांधावी.

विचार करा आणि उत्तरे द्या

१. होमगार्डने यंत्र पिशवीत ठेवले, तरी ते का बिघडले?
२. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अर्धे बिघडलेले यंत्र जास्त धोक्याचे का?
३. तुमच्या घरात सेलवर चालणाऱ्या कोणत्या वस्तू आहेत? त्या पावसाळ्यात कुठे ठेवता? वहीत लिहा.